अंगणात गेलेली शाळा

मैत्रिणींनो, अंगणवाडी आपल्याला घरच्यासारखी ओळखीची. पण तिच्यामागच्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) किती जणींना ठाऊक आहेत?

भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर ताराबाईंनी माँटेसरी पद्धतीवर काम केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. एवढा अनुभव गाठीशी घेऊन त्या १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, तर वस्तीतली मुलं बालवाडीत फिरकेनात! धाकटं भावंड कोण सांभाळणार? गुरं कोण राखणार? यांना शिकायचंच नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. ताराबाई मात्र अनुताई वाघांना घेऊन मुलांच्याच अंगणात जाऊन बसल्या. आधी आंघोळ, मग गाणी-गोष्टी. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे आले. पुढे कोसबाडला गुराख्या पोरांसाठी थेट कुरणात शाळा भरली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं.

मला त्यांचं मोठेपण यातच दिसतं. शिकवता शिकवता त्या स्वतः मुलांकडून शिकत राहिल्या. आपलं लेकरू शाळेत रमत नसेल, तर त्याला दटावण्याआधी त्याची अडचण विचारूया ना!