बाबूराव पेंटर : कोल्हापुरात सिनेकॅमेरा घडवणारा कलाकार

जुना बॉक्स कॅमेरा तुम्ही पाहिला असेल. 1900 साली कोडॅकने एक डॉलरला विकायला काढलेला ब्राउनी म्हणजे एक साधी पेटी. पुढे भिंग, मध्ये शटर, आत फिल्मचं रीळ. एक फोटो काढायचा आणि चावी फिरवून फिल्म पुढे सरकवायची.

सिनेकॅमेरासुद्धा मुळात अशीच पेटी. फरक एवढाच, की मूकपटांच्या काळात तिला हे काम सेकंदाला साधारण सोळा वेळा करावं लागे. फिल्म क्षणभर थांबायची, चित्र उमटायचं, शटर मिटायचं आणि तेवढ्यात फिल्म पुढे सरकायची. यात जराशी चूक झाली तरी पडद्यावरचं चित्र थरथरणार. ही पेटी कोल्हापुरात घडवली बाबूराव पेंटर यांनी.

त्यांचं मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म 1890 चा, कोल्हापूरचा. आतेमामे-चुलत भावंडांच्या गोतावळ्यातले आनंदराव आणि ते, दोघेही नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्यामुळे 'पेंटर' हेच आडनाव होऊन बसलं. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना सिनेमाने झपाटलं. पण विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. मग आपणच तो बनवायचा, असं ठरलं. काम अर्धवट असताना 1916 साली आनंदराव वारले.

बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने 1918 च्या सुमारास कॅमेरा तयार झाला. देशी बनावटीचा पहिला सिनेकॅमेरा म्हणून तो ओळखला जातो. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा उभा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली. 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

पुराणकथा चालत होत्या, तरी 1925 साली बाबूरावांनी वेगळी वाट धरली. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचे कादंबरीकार ना. ह. आपटे यांच्या कथेवर त्यांनी 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या शेतकऱ्याची ही गोष्ट. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांना ती नवी नव्हती, पडद्याला मात्र नवी होती. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम.

1929 साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' उभी केली. गुरू मागे राहिला, शिष्य पुढे गेले. महाराष्ट्र फिल्म कंपनी पुढे बंद पडली. 1936 साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' बोलपट म्हणून पुन्हा काढला. 1954 साली त्यांचं निधन झालं.

'प्रभात'च्या चित्रपटांचं कौतुक आजही होतं. ते करणारी माणसं तयार झाली ती मात्र बाबूरावांच्या हाताखाली, त्या घरी घडवलेल्या कॅमेऱ्याभोवती.