डॉ. सुब्बाराव आणि कर्करोगावरील एक दुधारी औषध

आपल्या कुटुंबात, शेजारात किंवा मंडळीत कोणी ना कोणी कर्करोगाच्या उपचारांना सामोरे जात असते. त्यांपैकी अनेकांना मेथोट्रेक्सेट नावाचे औषध दिले जाते. या औषधामागे एका भारतीय संशोधकाचे आयुष्य उभे आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या संशोधकाचे नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. तारुण्यात त्यांच्या घरावर मोठा घाला पडला. त्यांचे दोन भाऊ अवघ्या काही दिवसांच्या अंतराने स्प्रू या विकाराने दगावले. या रोगात आतडी अन्नरस शोषून घेत नाहीत. रोगी खातो, पण खाल्लेले अंगी लागत नाही. त्या काळी यावर खात्रीचा इलाज नव्हता. सुब्बारावांच्या पुढील आयुष्याकडे पाहताना हे दोन मृत्यू नजरेआड करता येत नाहीत.

मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना गांधीजींच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन ते खादीचा अंगरखा घालून शस्त्रक्रिया विभागात जाऊ लागले. इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही, आणि सुब्बारावांच्या पदरी एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही दुय्यम पदवी पडली. पुढे सासऱ्यांच्या मदतीने ते अमेरिकेला, बोस्टनला गेले. तेथे दिवसा हार्वर्ड विद्यापीठात शिक्षण आणि रात्री रुग्णालयात मलमूत्राची भांडी साफ करण्यासारखी कामे, असा त्यांचा क्रम होता. पत्नी भारतातच राहिली. त्यांच्या पाठीमागे जन्मलेला मुलगा तान्हेपणीच गेला. सुब्बाराव मायदेशी पुन्हा कधी परतले नाहीत आणि पतिपत्नींची भेटही पुन्हा झाली नाही. वाचकहो, आपण ज्या शोधांचे गोडवे गातो, त्यांची किंमत कधी कधी अशी घरातल्यांनी चुकवलेली असते.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत त्यांनी १९२५ साली रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. स्नायूंना शक्ती पुरविणाऱ्या फॉस्फोक्रिएटिन आणि ए.टी.पी. या द्रव्यांवरही दोघांनी मूलभूत काम केले. तरीही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० साली ते पर्ल रिव्हर येथील लेडर्ले प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांच्या पथकाने १९४५ साली फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार केल्याचे जाहीर केले. ज्या स्प्रूने त्यांचे भाऊ नेले, त्याच रोगावर हे द्रव्य गुणकारी ठरले.

पण कथा येथे संपत नाही. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांवर उपचार करीत होते. फॉलिक आम्लाच्या जातीची द्रव्ये दिल्यावर रोग उलट वेगाने वाढतो, असे त्यांना आढळले. मग या जीवनसत्त्वाची वाट अडवणारे द्रव्य दिले तर? सुब्बारावांच्या पथकाने तसे द्रव्य तयार केले. त्याचे नाव अमिनोप्टेरिन. फार्बर यांनी १९४८ च्या जूनमध्ये १६ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांचा रोग काही काळ ओसरला होता. ओसरलेला रोग पुढे परतला. पण या रोगावर औषध चालू शकते, हे सिद्ध झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव वयाच्या ५३ व्या वर्षी झोपेतच हृदयविकाराने वारले.

अमिनोप्टेरिनचेच भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. १९५६ साली याच औषधाने वारेच्या पेशींपासून उद्भवणारा, सर्वत्र पसरलेला कर्करोग पूर्ण बरा झाला. आज अनेक औषधे एकत्र योजून, जेथे उत्तम उपचार मिळतात तेथे, मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगात सुमारे ९० टक्के मुले वाचतात.

मात्र हे औषध दुधारी आहे. नवी पेशी घडण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. औषध ती वाट अडवते तेव्हा कर्करोगाच्या पेशींबरोबरच शरीरातील झपाट्याने वाढणाऱ्या निरोगी पेशींनाही झळ पोहोचते. म्हणून तोंड येते, जुलाब होतात, केस गळतात आणि अस्थिमज्जा मंदावून रक्तपेशी घटतात. फार्बर यांच्या बालरुग्णांनाही तोंडातील व्रणांचा त्रास झाला होता. किरणोपचारात ही झळ बहुधा किरण पडतात त्याच भागाला लागते. तेथील त्वचा लाल होते, सोलते. त्या जागी शेक, बर्फ किंवा मनाने निवडलेले मलम लावू नये. सैल सुती कपडे वापरावेत.

औषध चालू असताना मऊ ब्रशने दात घासावेत, मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने वरचेवर चुळा भराव्यात, तिखट व कढत पदार्थ टाळावेत. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साधा संसर्गही जिवावर बेततो. मेथोट्रेक्सेटची मोठी मात्रा दिल्यावर निरोगी पेशींना वाचविण्यासाठी डॉक्टर फोलिनिक आम्ल देतात आणि मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी भरपूर द्रव चढवतात. ही वेळ चुकवून चालत नाही. वेदनाशामक गोळ्या किंवा जीवनसत्त्वांची टॉनिके डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हेच औषध संधिवातालाही अल्प मात्रेत, आठवड्यातून एकदाच देतात. ते चुकून रोज घेतल्याने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत. घरातील वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांच्या डबीवर वार ठळक लिहून ठेवा.

वाचकहो, केमोथेरपीच्या त्रासाला भिऊन उपचार अर्धवट सोडणारे रुग्ण आपण पाहतो. अशांच्या शेजारी बसा, त्यांच्या चुळांचे पाणी कोमट करून द्या, तपासणीच्या दिवशी सोबतीला जा. सुब्बारावांना आपल्या भावांसाठी काही करता आले नाही. आपल्या हाती आज पुष्कळ आहे.