रॉबर्ट गिल

मेजर रॉबर्ट गिल (२६ सप्टेंबर, इ.स. १८०४ – १० एप्रिल, इ.स. १८७९) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी, चित्रकार आणि छायाचित्रकार होते. अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांच्या मोठ्या आकाराच्या प्रती तैलरंगात, कॅनव्हासवर करणारे ते पहिले चित्रकार होत. इ.स. १८४४ ते इ.स. १८६३ या काळात त्यांनी हे काम केले. त्यांपैकी बहुतेक प्रती इ.स. १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळून गेल्या. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील मंदिरांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे मात्र आजही उपलब्ध आहेत.

पार्श्वभूमी

अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाकृती दरीत, बेसॉल्ट खडकात कोरलेली आहेत. ज्या डोंगररांगेला अजिंठ्याचे नाव मिळाले, तीच पुढे पूर्वेकडे बुलढाणा जिल्ह्यात शिरते. बुलढाणा शहर याच डोंगरांवर वसले आहे. लेण्यांतील प्रसिद्ध चित्रांपैकी बहुतेक चित्रे इ.स.च्या पाचव्या शतकातील, वत्सगुल्म (आजचे वाशीम) येथील वाकाटक शाखेच्या काळातील आहेत. राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने १६ क्रमांकाचे लेणे खोदविले.

पुढील शतकांत लेणी विस्मृतीत गेली. २८ एप्रिल, इ.स. १८१९ रोजी शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ती पाहिली आणि १० क्रमांकाच्या लेण्यातील खांबावर आपले नाव व दिनांक कोरला. त्यानंतर काही प्रवासी व अभ्यासक तेथे येऊन गेले. वास्तुकलेचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी इ.स. १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील लेण्यांविषयी निबंध वाचला. पाणी, वटवाघळे, धूर आणि माणसांचे हात यांमुळे चित्रे वेगाने नष्ट होत असल्याने ती पूर्ण नाहीशी होण्यापूर्वी त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात, असा आग्रह सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे धरला. संचालकांनी तो मान्य केला.

अजिंठ्यावरील नियुक्ती

रॉबर्ट गिल हे ४४व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्री या पलटणीत अधिकारी होते. चित्रकलेचा हात असलेला अधिकारी म्हणून इ.स. १८४४ मध्ये प्रती करण्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. सैन्यातील नेहमीची वाटचाल मागे पडली आणि उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग त्यांनी अजिंठा परिसरातच घालविला. अजिंठा गावातील बारादरी या जुन्या इमारतीत त्यांचा मुक्काम असे. हा मुलूख हैदराबादच्या निजामाचा होता. शेजारचा वऱ्हाड प्रांत इ.स. १८५३ च्या तहानंतर इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, परंतु अजिंठा निजामाकडेच राहिला.

भिंतीवरून कॅनव्हासवर

गिल यांच्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी भिंत आणि कॅनव्हास या दोन्ही पृष्ठभागांची घडण लक्षात घ्यावी लागते. चित्र कोणतेही असो, ते किती टिकणार हे पुष्कळ अंशी त्याच्या खालच्या अस्तरावर ठरते.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या खडकावर मातीचा गिलावा चढविला होता. मातीत धान्याचा भुसा व वनस्पतींचे तंतू मिसळलेले असत. त्यामुळे ती खडकाला धरून राही आणि वाळताना कमी तडकत असे. त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ, गुळगुळीत थर दिला जाई. तो वाळल्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि बाहेरून आणलेला निळा राजावर्त यांचे रंग डिंक किंवा सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावीत. ओल्या चुन्यावर रंगविण्याच्या युरोपीय पद्धतीहून ही पद्धत निराळी आहे. या रंगांना चकाकी नसते. प्रकाश ते शोषून घेतात, आणि म्हणूनच अंधाऱ्या लेण्यातही चित्र मऊ व शांत दिसते.

तैलचित्राचा कॅनव्हास याच्या अगदी उलट रीतीने तयार होतो. जवसाच्याच झाडाच्या तंतूंपासून विणलेले लिननचे कापड लाकडी चौकटीवर चारही बाजूंनी सारखे ताणून खिळ्यांनी पक्के करतात. त्यावर प्रथम जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाचे पातळ पाणी फिरवितात. हा हात अत्यावश्यक असतो. कारण जवसाचे तेल थेट धाग्यात मुरले, तर कापड कालांतराने काळे, ठिसूळ होऊन कुजते. सरस वाळल्यावर कापड घट्ट ताणले जाते. मग शिशाचा सफेदा तेलात घोटून, कधी त्यात खडूची पूड मिसळून, त्याचे एक-दोन थर अस्तर म्हणून देतात. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा लागतो आणि घासून सपाट करावा लागतो. अस्तर फार गुळगुळीत झाले तर रंग धरत नाही. फार शोषक राहिले तर रंगातील तेल ओढून घेते आणि चित्र निस्तेज दिसते. पुढे रंगवितानाही खालचे थर कमी तेलाचे व वरचे अधिक तेलाचे ठेवण्याचा नियम आहे, अन्यथा वरचा थर आधी वाळून तडकतो.

लंडनमध्ये अस्तर दिलेल्या तयार कॅनव्हासच्या गुंडाळ्या एकोणिसाव्या शतकात विकत मिळत असत. पण कापड कोठूनही आले, तरी अजिंठ्याच्या हवेत ते सांभाळणे कठीणच. पावसाळ्यात सरस ओल ओढून घेतो; ताणलेले कापड सैल पडते आणि त्यावर बुरशी धरते. उन्हाळ्यात तोच सरस कोरडा होऊन आकसतो, व वरच्या अस्तराला बारीक भेगा पडतात. चित्र जितके मोठे, तितका हा धोका अधिक. अशी मोठी चित्रे पाठविताना चौकटीवरून उतरवून, रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड रुळावर गुंडाळावी लागतात. रंग आत ठेवला तर त्याचा थर दबून सुटतो. रेल्वे नसलेल्या त्या काळात अजिंठ्याहून समुद्रकिनाऱ्यापर्यंतचा प्रवास गाडीवाटेने आणि तेथून पुढचा जहाजाने होत असे.

माध्यम बदलल्याने चित्राचा स्वभावही बदलतो, ही अडचण वेगळीच. कोरड्या भिंतीवरील रंग तेलात उतरविताना ते अधिक गडद व चकचकीत होतात. रंगाचे पोपडे गळून पडलेल्या, धुराने काळवंडलेल्या भागांत मूळ रेषा कोणती आणि डाग कोणता, हे प्रत करणाऱ्याला स्वतःच ठरवावे लागते. त्यामुळे गिल यांच्या प्रती केवळ हाताचे काम नव्हत्या. रोज त्याच भिंतीसमोर उभे राहून केलेले ते वाचन होते.

अंधूक प्रकाश, वटवाघळांची घाण, आसपासचे जंगल आणि आजारपणे यांमुळे काम संथ गतीने चालले. तरीही त्यांनी पंचवीसहून अधिक मोठ्या प्रती पूर्ण करून इंग्लंडला रवाना केल्या.

पारो

अजिंठ्यातील वास्तव्यात गिल यांचा पारो नावाच्या स्थानिक तरुणीशी स्नेह जुळला. ती जवळच्या लेणापूर गावची होती, असे परंपरेने सांगितले जाते. २३ मे, इ.स. १८५६ रोजी तिचा मृत्यू झाला. गिल यांनी अजिंठा गावात तिचे थडगे बांधले आणि त्यावर तिचा उल्लेख आपली प्रिय व्यक्ती असा कोरविला. या दोघांच्या सहवासाची जी कथा आज सर्वांना ठाऊक आहे, ती मुख्यतः लोकपरंपरेतून व पुढे साहित्यातून आलेली आहे. थडग्यावरील लेख मात्र आजही वाचता येतो. चित्रे इंग्लंडला पाठविणाऱ्या या अधिकाऱ्याचे मन कोठे गुंतले होते, हे त्यावरून कळते.

छायाचित्रण आणि लोणार

इ.स. १८५० नंतरच्या दशकात गिल यांनी छायाचित्रणाकडे लक्ष वळविले. डाव्या व उजव्या डोळ्यांसाठी दोन स्वतंत्र चित्रे घेऊन, ती विशिष्ट भिंगांतून एकत्र पाहिली असता खोलीचा आभास निर्माण करणाऱ्या तंत्राचा त्यांनी पुष्कळ उपयोग केला. कोरीव खांब, शिल्पे आणि लेण्यांचे दर्शनी भाग यांसाठी हे तंत्र फार सोयीचे होते. परंतु त्या काळच्या छायाचित्राला रंग नव्हता. म्हणून शिल्पासाठी कॅमेरा आणि चित्रासाठी कुंचला, अशी कामाची विभागणी आपोआपच झाली.

इ.स. १८६४ मध्ये त्यांची दोन पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्यात भारतातील लेण्यांची ७४ छायाचित्रे होती. दुसरे पश्चिम भारतातील वास्तुकला व निसर्ग यांवरील शंभर जोडचित्रांचे होते. दोन्ही पुस्तकांतील विवेचन फर्ग्युसन यांनी लिहिले.

गिल यांचा कॅमेरा वऱ्हाडातही फिरला. उल्केच्या आघाताने बनलेल्या खाऱ्या पाण्याच्या सरोवरासाठी प्रसिद्ध असलेल्या लोणार गावातील दैत्यसूदन मंदिराची व सरोवराच्या परिसरातील अन्य देवळांची छायाचित्रे त्यांनी घेतली. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील वास्तूंच्या आरंभीच्या छायाचित्रांत त्यांची गणना होते. एकोणिसाव्या शतकात ही मंदिरे कोणत्या अवस्थेत होती, हे जाणण्याचे ते महत्त्वाचे साधन आहे.

क्रिस्टल पॅलेसची आग

गिल यांच्या प्रती लंडनला कंपनीच्या संग्रहात जमा झाल्या. त्यांतील बहुतेक पुढे सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या लोखंड व काचेच्या भव्य प्रदर्शन-इमारतीत मांडण्यात आल्या. ३० डिसेंबर, इ.स. १८६६ रोजी तिच्या उत्तरेकडील भागाला आग लागली आणि तेथे टांगलेल्या सर्व प्रती भस्मसात झाल्या. तेलाने माखलेले कापड आणि वाळलेले लाकूड यांना आगीपुढे टिकाव धरता येत नाही. प्रदर्शनात नसलेली मोजकीच चित्रे तेवढी वाचली. श्रीमती स्पीअर यांच्या प्राचीन भारतावरील इ.स. १८५६ च्या पुस्तकात काही प्रतींवरून केलेली लहान रेखाचित्रे छापली गेली होती. जळालेल्या कामाची तीही एक खूण उरली.

जे नाशवंत आहे ते सुरक्षित ठिकाणी हलवावे, या हेतूने हे सर्व काम आरंभिले होते. प्रत्यक्षात चौदाशे वर्षांची मातीची भिंत उभी राहिली आणि वीस वर्षांच्या श्रमांचा कॅनव्हास एका दिवसात गेला. ही बातमी गिल यांना कळली तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते.

पुढील प्रती

इ.स. १८७२ पासून मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह प्रतींचे काम नव्याने हाती घेतले. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावाजलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते. हे काम इ.स. १८८५ पर्यंत चालले आणि सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. त्याच वर्षी लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्यांपैकी शंभराहून अधिक नष्ट झाली. गिल व ग्रिफिथ्स या दोघांच्या कामांतील १६६ चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळात मूळ भिंतींवर व्हार्निश लावण्यात आले. ते पुढे पिवळे पडले आणि त्याने मूळ चित्रांचीच हानी केली.

इ.स. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी तरुण चित्रकारांच्या साहाय्याने पुन्हा प्रती केल्या. इ.स. १९२० नंतर निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांकडून भिंतींची दुरुस्ती करून घेतली.

मृत्यू

१० एप्रिल, इ.स. १८७९ रोजी गिल यांचा मृत्यू झाला. भुसावळ येथील युरोपीय दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. पारोचे थडगे अजिंठा गावात आणि गिल यांचे भुसावळला, अशी ही दोन स्मारके एकाच मुलखात आहेत.

वारसा

गिल यांच्या प्रतींमुळे अजिंठ्याच्या चित्रांचा भव्य आकार व रंगयोजना युरोपातील सामान्य प्रेक्षकांपुढे प्रथमच आली. पुढील चित्रकारांना भिंतीवरील चित्र कॅनव्हासवर उतरविण्याच्या अडचणींची जाणीव त्यांच्या कामातून झाली. मूळ भिंतींवरून पुढे गळून पडलेल्या काही भागांसाठी एकोणिसाव्या शतकातील उरलेल्या प्रती हाच आधार आहे. एकेकाळी प्रत म्हणून दुय्यम मानलेले कापड आज अशा ठिकाणी मूळ पुराव्याचे काम करते.

मराठीत ना. धों. महानोर यांनी ‘अजिंठा’ ही दीर्घ कविता गिल व पारो यांच्या कथेवर रचली. तिच्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्याच नावाचा मराठी चित्रपट इ.स. २०१२ मध्ये दिग्दर्शित केला. त्यात सोनाली कुलकर्णी यांनी पारोची भूमिका केली. या कलाकृतींमुळे गिल यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. मात्र त्यांचे खरे कर्तृत्व चित्रकाराचे आहे. अंधाऱ्या लेण्यात ताणलेल्या कापडासमोर वीस वर्षे टिकून राहण्याची चिकाटी हा त्याचा गाभा होय.