हूकला न सापडलेली दारं

सेकंड इयरला एसओएमच्या प्रॅक्टिकलमध्ये यूटीएमवर माइल्ड स्टीलचा रॉड ओढत होतो. सरांनी हूकचा नियम विचारला, मी घडाघडा सांगितला. पुढचा प्रश्न आला, हूक कोण? सगळी बॅच गप्प. मला फक्त शाळेच्या पुस्तकातला, बुचात पेशी पाहणारा रॉबर्ट हूक आठवत होता. तो आणि हा एकच, हे त्या दिवशी कळलं. मग सबमिशन बाजूला ठेवून मी लायब्ररीत त्याच्याच मागे लागलो.

हा गडी १६३५ साली इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावर एका पाद्र्याच्या घरी जन्मला. तब्येत तोळामासा. तेराव्या वर्षी वडील गेले. शाळा लंडनला, पुढे ऑक्सफर्डला रॉबर्ट बॉइलचा मदतनीस. बॉइलचा हवेचा पंप यानेच उभा करून दिला. १६६२ पासून रॉयल सोसायटीच्या बैठकांत प्रयोग करून दाखवायची नोकरी. आठवड्यामागून आठवडा नवे प्रयोग! आपल्याला एका सेमिस्टरची प्रॅक्टिकल्स जड जातात.

१६६५ मध्ये त्याचं ‘मायक्रोग्राफिया’ आलं. धारदार चाकूने त्याने बुचाचा पातळ काप काढला, काळ्या पट्टीवर ठेवला आणि त्यात कप्पेच कप्पे पाहिले. त्यांना ‘सेल’ हे नाव त्याचंच. पठ्ठ्याने हिशोबही केला: एका घन इंचात सव्वाशे कोटींच्या वर!

खरं तर त्याने पाहिल्या त्या भिंती. बुचातल्या पेशी मेलेल्या, आत फक्त हवा. ओल्या वनस्पतीत मात्र हेच कप्पे रसाने भरलेले दिसले. मग रस या खोलीतून त्या खोलीत जातो कसा? त्याने दारं शोधली. सापडली नाहीत.

ही भिंत पेशी स्वतःच बांधते, तीही आतून. तिच्या पटलात बसलेली प्रथिनांची यंत्रं ग्लुकोज जोडत सेल्युलोजच्या साखळ्या बाहेर सोडतात, साखळ्या चिकटून दोर होतात. सिव्हिलवाल्यांनो, हे तुमचं स्टील. हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन हे काँक्रीट. बुचात वर सुबेरिनचा मेणचट माल चढतो, म्हणून बाटलीचं बूच पाझरत नाही. जिवंत पेशीत पाण्याचा दाब कारच्या टायरपेक्षा जास्त असू शकतो. भिंत ताणली जाते, दाब उतरला की परत येते. इथपर्यंत हूकचा नियम. पण वाढायचं तर आमच्या रॉडसारखं यील्डच व्हावं लागतं! पेशी भिंतीतले जोड सैल करते, भिंत कायमची ताणली जाते आणि मग नवा माल भरला जातो.

त्याच पुस्तकात हूकने बुरशीचंही चित्र काढलंय. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, झुरळाच्या कवचातलंच. बॅक्टेरियाची तऱ्हा आणखी वेगळी: साखरेच्या साखळ्या, त्यांना अमिनो आम्लांचे टाके, अशी विणलेली पिशवीच. वाढताना ती जागोजाग उसवून पुन्हा शिवावी लागते. पेनिसिलिन टाके घालू देत नाही, उसवणं मात्र चालू राहतं, आणि बॅक्टेरिया फुटतो.

हूक स्वतः मात्र संशयी होत गेला. स्प्रिंगचा नियम त्याने १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून छापला, कोणी ढापू नये म्हणून. उलगडा केला १६७८ मध्ये. गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून न्यूटनशी बिनसलं ते कायमचंच. मला वाटतं, दोघेही हट्टीच. १६६६ च्या आगीनंतर लंडन पुन्हा उभारताना त्याने मोजणीदार म्हणून गल्लीबोळ मोजले, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. १७०३ मध्ये तो वारला. खोलीतल्या पेटीत हजारो पौंड निघाले. खात्रीने त्याचं म्हणता येईल असं एकही चित्र मात्र आज नाही.

आणि ती दारं? १८७९ मध्ये एडुआर्ट टांग्ल या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती दिसली, आपल्याकडे ज्याला काजरा म्हणतात त्या झाडाच्या बियांत. भिंतीतून आरपार गेलेले जीवद्रव्याचे धागे. एकेकाची रुंदी काही दशक नॅनोमीटर. हूकच्या भिंगातून ती दिसणं शक्यच नव्हतं.