डॉ. जेम्स नेस्मिथ

बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ ह्यांचा जन्म १८६१ सालीं कॅनडांत झाला. बालपणींच आईबापांचें छत्र हरपलें, पुढें शाळाही सुटली. परंतु कांहीं काळ जंगलांत लाकूडतोडीचें काम करून त्यांनीं पुन्हां विद्याभ्यास हातीं धरला.

१८९१ सालीं ते अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए.च्या विद्यालयांत शिक्षक होते. कडक हिंवाळ्यामुळें मैदानावरील खेळ बंद पडले होते आणि आंतील कवायतीस विद्यार्थी कंटाळले होते. तेव्हां पंधरवड्यांत नवा खेळ शोधण्याची कामगिरी नेस्मिथांवर आली. चेंडू घेऊन धांवणाऱ्यावर इतर तुटून पडतात व इजा होते, हें ओळखून त्यांनीं तसें धांवण्यासच मनाई केली. लक्ष्य दहा फूट उंच ठेवल्यानें बळापेक्षां नेमास महत्त्व आलें. नियम अवघे १३. साहित्य एक फुटबॉल व फळांच्या दोन टोपल्या! टोपलीवरूनच खेळास नांव पडलें.

१८९८ सालीं ते वैद्यकाचे पदवीधर झाले. १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत आपला खेळ त्यांनीं डोळे भरून पाहिला. १९३९ सालीं ते निवर्तले.

मुलांच्या व्यायामास भारी साहित्य लागत नाहीं; तो आनंदाचा व निर्धोक कसा होईल, हा विचार मात्र लागतो, असें आम्हांस वाटतें. पालकांनीं मुलांस रोज सायंकाळीं खेळूं द्यावें, ही आमची विनंति.