योहान विखर्न व चोवीस मेणबत्त्यांचें चाक

नोव्हेंबर महिना सरत आला कीं आपल्या ख्रिस्ती घरांत नाताळाची चाहूल लागते. कोणी बांबूच्या कामट्या तासून चांदणीचा सांगाडा बांधूं लागतो, कोणी रंगीत कागद व खळ घेऊन ओटीवर बसतो, आणि स्वयंपाकघरांत करंज्या कोणत्या दिवशीं तळावयाच्या याचा खल सुरू होतो. या तयारीचा आनंद प्रत्यक्ष सणाच्या आनंदाहून तिळभरही उणा नसतो, हें विद्यार्थ्यांस सांगावयास नको. अशा चालीरीती प्रथम कोणीं पाडल्या हें बहुधा कोणासच ठाऊक नसतें. परंतु नाताळाच्या तयारीची एक सुंदर चाल अशी आहे कीं, तिचा कर्ता, तिचें गांव आणि तिचें सालही आपणांस सांगतां येतें. ती चाल कोणा राजवाड्यांत अथवा मोठ्या मंदिरांत जन्मास आली नाहीं. ज्यांना जगानें ओवाळून टाकलें होतें अशा मुलांच्या घरांत ती जन्मास आली. तिच्या जनकाचें नांव योहान हिन्रिख विखर्न. त्यांचें चरित्र थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

विखर्न यांचा जन्म जर्मनींतील हांबुर्ग या बंदराच्या शहरीं २१ एप्रिल १८०८ रोजीं झाला. वडील नोटरीचें व भाषान्तरकाराचें काम करीत. कुटुंब मोठें, मिळकत बेताची. आणि भावंडांत योहान सर्वांत वडील. तो पंधरा वर्षांचा असतांना, १८२३ सालीं, वडील वारले. शाळेचीं पुस्तकें ज्या हातांत शोभावयाचीं त्या हातांवर संसाराचें ओझें येऊन पडलें. योहान घरोघर जाऊन लहान मुलांस शिकवूं लागला, पियानोचे धडे देऊं लागला, आणि त्या पैशांवर आईचा संसार चालण्यास हातभार लावूं लागला. पुढें कांहीं काळ त्यानें एका खाजगी शाळेंत सहाय्यक म्हणून नोकरीही केली. मुलांच्या सहवासांत राहण्याची व त्यांचें मन ओळखण्याची जी विद्या पुढें त्याच्या कामीं आली, ती त्यानें अशी गरजेच्या शाळेंत संपादन केली.

हितचिंतकांच्या साह्यानें १८२८ सालीं त्याला गटिंगन येथें ईश्वरज्ञानाचा अभ्यास करण्यास जातां आलें. नंतर तो बर्लिन येथें शिकला. १८३२ सालीं परीक्षा देऊन तो हांबुर्ग येथें परतला. उपदेशकाची जागा लगेच रिकामी नव्हती. तेव्हां सांक्ट गेओर्ग नांवाच्या वस्तींत राउटेनबेर्ग नांवाच्या पाळकांनीं चालविलेल्या रविवारच्या शाळेंत त्यानें शिक्षकाचें काम पत्करलें. या कामानें त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

रविवारच्या शाळेंत येणारीं मुलें कोठें राहतात हें पाहण्यासाठीं विखर्न त्यांच्या घरीं जाऊं लागले. हांबुर्ग हें श्रीमंत व्यापाऱ्यांचें शहर. पण त्या वैभवाच्या पाठीमागें अरुंद गल्ल्या, ओलसर तळघरें व माणसांनीं खचाखच भरलेल्या खोल्या होत्या. तेथें भूक होती, दारू होती, रोगराई होती. आणि त्या सर्वांच्या पायदळीं सांपडलेलीं मुलें होतीं. कोणी भीक मागे, कोणी चोरी करी. पकडलें म्हणजे तुरुंगांत जाई, आणि सुटलें म्हणजे पुन्हां त्याच गल्लींत येई. विखर्न यांच्या ध्यानांत आलें कीं, आठवड्यांतून एक दिवस धडा सांगून या मुलांचें कल्याण होणार नाहीं. उरलेल्या सहा दिवसांत त्यांना घर पाहिजे.

तें घर मिळालें. शहरचे एक थोर अधिकारी कार्ल सीव्हेकिंग यांनीं हांबुर्गबाहेरील हॉर्न या खेड्यांतील आपली एक जागा व तीवरील जुनें, गवतानें शाकारलेलें घर देऊं केलें. त्या घरास लोक 'राउहे हाउस' म्हणत. या शब्दांचा अर्थ खडबडीत घर असा होतो. पण तें नांव बहुधा पूर्वीच्या एका मालकाच्या नांवाचा अपभ्रंश होऊन पडलें असावें. १२ सप्टेंबर १८३३ रोजीं जाहीर सभा भरून संस्थेची स्थापना झाली. त्याच शरद ऋतूंत पंचवीस वर्षांचे विखर्न आपली आई व बहीण यांस घेऊन तेथें राहावयास गेले. नोव्हेंबरांत पहिले मुलगे आले, आणि वर्षअखेरीस त्यांची संख्या १२ झाली. त्यांतील एकाच्या नांवावर ९२ चोऱ्यांची नोंद होती, एवढें सांगितलें म्हणजे घरांत कोण राहावयास आले होते हें कळून येईल.

अशा मुलांस ठेवावयाचें म्हणजे उंच भिंत, भक्कम कुलूप आणि हातांत छडी पाहिजे, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. विखर्न यांनीं नेमकें उलट केलें. त्यांनीं भिंत ठेविली नाहीं, खंदक ठेविला नाहीं, दारास अडसर ठेविला नाहीं. नवा मुलगा आला कीं त्याला सांगण्यांत येई कीं, तुझ्या मागल्या सर्व अपराधांची क्षमा झालेली आहे. त्यांचा उच्चार या घरांत कोणी करणार नाहीं. ज्यानें आजवर आपलें नांव शिवीबरोबरच ऐकलें, त्या मुलाच्या मनावर याचा काय परिणाम झाला असेल याची कल्पनाच केलेली बरी. कोणी पळून जात नसे असें मात्र नव्हे. कांहीं पळत, त्यांस शोधून प्रेमानें परत आणावें लागे.

दुसरी गोष्ट अशी कीं, विखर्न यांस मोठें अनाथालय नको होतें. त्यांस कुटुंब पाहिजे होतें. म्हणून मुलें वाढलीं तेव्हां त्यांनीं एकच भव्य इमारत बांधिली नाहीं. लहान लहान घरें बांधिलीं. प्रत्येक घरांत दहाबारा मुलें व त्यांच्यासमवेत राहणारा एक तरुण सहाय्यक असे. या सहाय्यकास 'भाऊ' म्हणत. घरें बांधण्याच्या कामीं मुलांनीं स्वतः हात लाविले. पुढें मुलींसाठींही सोय झाली. सुतारकाम, शिवणकाम, जोडे करणें, शेतकी, आणि मागाहून छापखाना व पुस्तकबांधणी असे उद्योग सुरू झाले. १८३५ सालीं विखर्न यांचा विवाह आमांडा ब्योमे या रविवारच्या शाळेंतील शिक्षिकेशीं झाला. त्यांस नऊ अपत्यें झालीं. स्वतःचीं मुलें व आश्रयास आलेलीं मुलें एकाच आवारांत वाढलीं.

आतां ज्या चालीचा वर उल्लेख केला तिच्याकडे वळूं. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारापासून जो काळ सुरू होतो त्यास ख्रिस्ती मंडळींत आगमनकाळ म्हणतात. डिसेंबरांत हांबुर्ग येथें दुपारीं चारच्या सुमारास सूर्य मावळतो; थंडी कडक असते. अशा अंधाऱ्या दिवसांत मुलें पुनः पुनः विचारीत कीं, नाताळ केव्हां येणार? हा प्रश्न तुम्हींआम्हीं सर्वांनींच लहानपणीं विचारिला आहे. पण त्या मुलांच्या तोंडीं त्याचा अर्थ निराळा होता. ज्यांना आयुष्यांत कोणी कांहीं देण्याचें वचन दिलें तें बहुधा मोडण्याकरितांच, त्यांना वाट पाहणें म्हणजे फसणें एवढेंच ठाऊक होतें. त्यांना विश्वासानें वाट पाहावयास शिकविणें हें अक्षरें शिकविण्याहून कठीण होतें.

आगमनकाळांत प्रार्थनेच्या वेळीं मेणबत्त्या लावण्याची पद्धत विखर्न यांनीं १८३८ सालीं सुरू केली होती. १८३९ सालीं त्यांनीं सुमारें दोन मीटर व्यासाचें एक लाकडी चाक प्रार्थनागृहांत टांगलें. त्यावर लहान तांबड्या २० व मोठ्या पांढऱ्या ४ अशा एकंदर २४ मेणबत्त्या बसविल्या. रोज प्रार्थनेच्या वेळीं एक मेणबत्ती अधिक लागे. आठवड्याच्या दिवशीं तांबडी व रविवारीं पांढरी. मुलें गीतें गात, आणि किती लागल्या व किती उरल्या हें मोजीत. प्रश्नाचें उत्तर आतां कोणी मोठ्यानें द्यावयास नको होतें. तें प्रत्येकास डोळ्यांनीं दिसत होतें. दिवस लहान होत चालले, रात्र वाढत चालली, पण घरांतील उजेड मात्र रोज एका ज्योतीनें वाढत गेला. २४ डिसेंबर रोजीं सर्व चाक उजळलें, आणि दिलेलें वचन पाळलें गेलें.

गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनीं येथें एक गंमत पाहावी. १८३९ सालीं आगमनकाळाचा पहिला रविवार १ डिसेंबर रोजीं पडला, म्हणून बरोबर २४ दिवस झाले. पण नाताळ कोणत्या वारीं येतो त्यावर ही संख्या बदलते. नाताळ सोमवारीं असेल तर आगमनकाळ २२ दिवसांचा, आणि रविवारीं असेल तर २८ दिवसांचा होतो. पांढऱ्या मेणबत्त्या नेहमीं चारच. तांबड्या मात्र १८ पासून २४ पर्यंत कमीअधिक लागतात. हा हिशेब पडताळून पाहण्यास पंचांग पुरे.

कांहीं वर्षांनीं त्या चाकास देवदाराच्या हिरव्या डहाळ्या गुंडाळण्याची रीत पडली. विखर्न यांच्या हाताखालीं शिकलेले 'भाऊ' निरनिराळ्या गांवीं कामावर गेले व ही चाल आपल्याबरोबर घेऊन गेले. एवढें मोठें चाक सामान्य घरांत मावणार कोठून? म्हणून चार रविवारांच्या चार मेणबत्त्या तेवढ्या उरल्या, आणि चाकाचें लहानसें कडें झालें. विसाव्या शतकांत ही चाल प्रॉटेस्टंट मंडळींतून रोमन कॅथॉलिक मंडळींतही गेली. आज जर्मनींतील घरोघर आईबाप व मुलें मिळून डहाळ्यांचें असें कडें बांधितात. त्याच दिवसांत गव्हाच्या काडांच्या चांदण्या करितात व मसाल्याचीं बिस्किटें भाजून डब्यांत भरून ठेवितात.

विखर्न यांचें कार्य मात्र या एका चालीपुरतें नव्हतें. मे १८४२ मध्यें हांबुर्ग येथें भयंकर आग लागून सुमारें २०,००० लोक बेघर झाले. त्या वेळीं राउहे हाउसांतील मोठे मुलगे मदतीस धांवून गेले व काम संपतांच परत घरीं आले, असा वृत्तान्त आहे. जळत्या शहरांत लुटीस कोणी अडविणारें नसतांना, भिंत नसलेल्या घराकडे तीं पावलें आपण होऊन वळलीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १८४८ सालीं सायलेशिया प्रांतांत दुष्काळ व टायफस ज्वर यांनीं थैमान घातलें, तेव्हां विखर्न आपल्या सहाय्यकांसह तेथील अनाथांच्या मदतीस गेले. त्याच वर्षीं २२ सप्टेंबर रोजीं विटेनबेर्ग येथील सभेंत त्यांनीं पूर्वतयारीवांचून मोठें भाषण केलें. गरिबांची सेवा हा मंडळीच्या धर्माचाच भाग आहे हें त्यांनीं जर्मन मंडळ्यांस पटवून दिलें. त्यांतून 'अंतर्गत मिशन' या नांवानें सबंध देशभर सेवाकार्याची संघटना उभी राहिली.

प्रशियाच्या राजानें त्यांस तुरुंगांच्या सुधारणेचें काम दिलें. १८५८ सालीं बर्लिन येथें त्यांनीं योहानेसश्टिफ्ट ही संस्था स्थापिली. पण या कामांत सर्वच मनासारखें घडलें नाहीं. विधिमंडळांत त्यांच्या योजनेस विरोध झाला, आणि त्यांच्या कल्पनेंतील सुधारणा पुष्कळ अंशीं अपुरी राहिली. पुढें प्रकृति ढासळली. शेवटचीं वर्षें दीर्घ दुखण्यांत गेलीं. संस्थेची धुरा पुत्र योहानेस यांनीं उचलली. ७ एप्रिल १८८१ रोजीं, वयाच्या ७३ व्या वर्षीं, विखर्न हांबुर्ग येथें निधन पावले.

१९४३ सालच्या बाँबवर्षावांत राउहे हाउसाच्या बहुतेक इमारती नष्ट झाल्या. परंतु त्या पुन्हां उभारण्यांत आल्या, आणि ती संस्था आजही मुलें, अपंग व वृद्ध यांच्या सेवेंत आहे.

विद्यार्थीमित्रहो, येत्या नाताळीं तुम्हीं कामट्या तासावयास बसाल तेव्हां या चाकाची आठवण ठेवा. बाजारांत तयार चांदण्या मिळतात व त्या तुमच्या चांदणीहून अधिक रेखीव असतात यांत संशय नाहीं. पण स्वतः केलेल्या वस्तूंत तितके दिवस वाट पाहण्याचा आनंद भरलेला असतो; तो विकत मिळत नाहीं. आणि पालकांस विनंति अशी कीं, नाताळाची तयारी आदल्या आठवड्यावर न ढकलतां थोडी आधीं सुरू करावी, रोज थोडा वेळ मुलांशेजारीं बसावें, आणि ज्या घरीं चांदणी लागणार नाहीं असें एखादें घर शेजारीं असेल तर एक चांदणी अधिक करावी. विखर्न यांनीं आपलें चाक ज्या मुलांकरितां केलें, तशीं मुलें आपल्याही गांवीं आहेत.