गेओर्ग ब्रेडिग
गेओर्ग ब्रेडिग (१ ऑक्टोबर, १८६८:ग्लोगाऊ, प्रशिया - २४ एप्रिल, १९४४:न्यू यॉर्क, अमेरिका) हे जर्मन भौतिक रसायनशास्त्रज्ञ होते. धातूचे अतिसूक्ष्म कण विकरांसारखे वागतात, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. आजच्या नॅनोझाइम संशोधनाचे ते पूर्वसूरी मानले जातात.

जीवन

ब्रेडिग यांचा जन्म ज्यू कुटुंबात झाला. लाइपझिग येथे विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्या मार्गदर्शनाखाली १८९४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९०१ साली ते हायडेलबर्ग येथे प्राध्यापक झाले. १९११ पासून त्यांनी कार्ल्सरूह येथील तांत्रिक विद्यापीठात अध्यापन केले.

संशोधन

थंड पाण्याखाली प्लॅटिनमच्या दोन तारांमध्ये विद्युत् प्रज्योत निर्माण करून ब्रेडिग यांनी प्लॅटिनमचे कलिल तयार केले. या गडद तपकिरी द्रवाचा अत्यल्प अंशही हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन यांत विघटन घडवून आणत असे. रक्तातील विकरही हेच कार्य करतो. हायड्रोसायानिक आम्लासारख्या विषांनी विकराची क्रिया मंदावते, तशीच या धातूचीही मंदावते, असे त्यांना आढळले. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी अशा कलिलांना अकार्बनी किण्वके म्हटले. सजीवांमधील रासायनिक क्रियांचे स्पष्टीकरण सामान्य रसायनशास्त्राच्या नियमांनी देता येईल, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले.

छळ व स्थलांतर

युद्धविरोधी मतांमुळे ब्रेडिग यांच्यावर राष्ट्रवादी गटांनी टीका केली. १९३३ साली नाझी राजवटीत ज्यू असल्यामुळे त्यांना पद सोडावे लागले. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांना अटकही झाली. १९३९ साली रसायनशास्त्रज्ञ एर्न्स्ट कोहेन यांच्या मदतीने ते नेदरलँड्सला पोहोचले आणि १९४० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या निमंत्रणामुळे अमेरिकेस जाऊ शकले. कोहेन मात्र नेदरलँड्समध्येच राहिले. १९४४ साली आउश्वित्झ येथे त्यांची हत्या झाली. ब्रेडिग यांची ग्रंथसंपदा व पत्रव्यवहार नेदरलँड्समधील प्रयोगशाळेत सुरक्षित राहिला. हा संग्रह आता फिलाडेल्फिया येथे आहे.

वारसा

२००७ साली चिनी शास्त्रज्ञांनी लोह ऑक्साइडच्या नॅनोकणांमध्ये पेरॉक्सिडेज या विकरासारखी क्रिया आढळल्याचे प्रसिद्ध केले. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या उपस्थितीत हे कण टेट्रामिथिलबेंझिडीन या रंगहीन द्रव्याला निळा रंग आणतात. मेंदूतील संदेशवहनात भाग घेणारे डोपामाइन या मिश्रणात आल्यास ते निळ्या द्रव्याचे पुन्हा रंगहीन रूप करते. म्हणून डोपामाइन जितके अधिक, तितका रंग फिका. त्यावरून त्याचे प्रमाण ठरवता येते. मात्र क जीवनसत्त्वासारखे पदार्थही रंग घालवतात. त्यामुळे रक्त किंवा मूत्राच्या नमुन्यात केवळ डोपामाइनच ओळखणे हे अशा चाचण्यांपुढील मोठे आव्हान आहे.